गल्लीतला रस्ता चालण्याजोगा करून घ्यायचा तर

आमच्या कर्वेनगरातल्या कॉलनीच्या तोंडाशी एक कोपरा आहे. एका अंगाला डेअरी, दुसऱ्या अंगाला स्टेशनरीचं दुकान, आणि पलीकडे शाळेची बस थांबते. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिथे एक आजोबा नातीला घेऊन यायचे. तिचं दप्तर त्यांच्या खांद्यावर असायचं. ते तिचं बोट धरायचे नाहीत, मनगट धरायचे, घट्ट. दुसरा हात वर करून रस्त्यात एक पाऊल टाकायचे आणि मागे घ्यायचे. मेन रोडवरून आत वळणारी गाडी ब्रेकच लावायची नाही, कारण तो कोपरा इतका पसरट होता की वळताना ब्रेक लावायची गरजच पडत नव्हती. दोनदा, तीनदा पाऊल मागे घेऊन झालं की मग ते दोघं जवळजवळ पळत पलीकडे जायचे.

याच कोपऱ्यावर काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई पडल्या. गाडीचा धक्का लागला नव्हता. गाडी अंगावर येतेय असं वाटून त्या घाईने मागे सरकल्या, फुटपाथची कड वीतभराहून उंच होती, तिला टाच अडली आणि खुब्याचं हाड मोडलं. असं पडणं अपघात म्हणून कुठेच नोंदलं जात नाही. त्यानंतर त्या एकट्या बाहेर पडल्या नाहीत.

ज्यांनी आजवर पालिकेत साधा अर्जही दिलेला नाही, पण घरासमोरचा रस्ता ओलांडताना रोज जीव मुठीत धरावा लागतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सुरुवातीलाच एक पक्कं करा: पुण्याच्या वाहतुकीचा प्रश्न हाती घ्यायचा नाही. एक कोपरा घ्या, ओलांडायची एक जागा घ्या, फार तर दोनशे मीटरचा एक फुटपाथ घ्या. ‘वाहतूक कोंडी सोडवा’ असा अर्ज ज्याच्या टेबलावर जातो त्याला त्याचं काय करायचं ते कळत नाही. ‘अमुक कोपऱ्यावरची फुटपाथची कड अडीच मीटर पुढे आणा’ असं लिहिलं तर त्याचं एस्टिमेट होऊ शकतं.

आधी चाला

निवडलेल्या रस्त्यावरून चार वेळा चाला: शाळेच्या वेळी, संध्याकाळी साडेसहाला, रात्री नऊनंतर आणि एकदा भर पावसात. पावसातली फेरी चुकवू नका. पाणी कुठे साचतं आणि लोक कुठून वळसा घालून गाडीरस्त्यात उतरतात, हे कोरड्या दिवशी दिसत नाही.

एकट्याने जाऊ नका. सत्तरीच्या पुढचं कोणी, बाबागाडी ढकलणारी आई, काठी किंवा वॉकर वापरणारं कोणी, यांच्यातलं निदान एक माणूस बरोबर असू द्या. ते कुठे थांबतात, कुठे आधार शोधतात, कुठे फुटपाथ सोडून खाली उतरतात, तेवढंच बघा. ‘फुटपाथ असून लोक रस्त्यावरून चालतात’ ही तक्रार आपण सगळेच करतो. बरोबर चाललं की कारण कळतं. दर वीस पावलांवर एका सोसायटीचं गेट येतं, तिथे फुटपाथ तुटतो, उतरा आणि परत चढा. मध्येच डीपीचा बॉक्स, उघडं चेंबर, झाडाचं आळं, दुकानाचा बोर्ड, खोदाईनंतर नीट न बसवलेले पेव्हर ब्लॉक. दहा वेळा चढउतार करण्यापेक्षा गाड्यांच्या बाजूने सरळ चालणं गुडघ्यांना परवडतं.

टेप बरोबर ठेवा. चालण्यासाठी मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नको, असं इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका सांगते. १.८ मीटर हा फुटपाथचा एकूण आकडा नाही, अडथळे वगळून उरणाऱ्या पट्ट्याचा आहे. तीन मीटरचा फुटपाथ असला आणि मधोमध झाड, खांब, बॉक्स असले तर उरतात ऐंशी सेंटिमीटर. जिथे सर्वांत कमी भरेल तो आकडा लिहा. फुटपाथवर चढायच्या उताराची लांबीही मोजा. एक हात उंचीला बारा हात लांबी असा सौम्य उतार हवा, नाहीतर व्हीलचेअर एकट्याने चढत नाही.

फोटो काढताना फोटोत माणूस किंवा टेप दिसू द्या. नुसत्या खड्ड्याच्या फोटोवरून तो केवढा हे कळत नाही.

मग मोजा

ही पायरी लोक टाळतात, आणि माझ्या अनुभवाने सगळा फरक इथेच पडतो. ‘गाड्या फार जोरात जातात’ हे मत झालं. ते आकड्यात आणायला स्पीडगन लागत नाही.

रस्त्याच्या कडेला खडूने दोन खुणा करा, बरोबर २५ मीटर अंतरावर. थोडं लांब, झाडाच्या किंवा उभ्या गाडीच्या आडोशाला राहा; तुम्ही दिसलात की लोक हळू चालवतात. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की मोबाइलचं स्टॉपवॉच चालू करा, दुसऱ्या खुणेवर बंद. ९० ला त्या सेकंदांनी भागा, ताशी वेग मिळाला. तीन सेकंद लागले तर ३० किलोमीटर, दोन लागले तर ४५, दीड लागला तर ६०. अशा ५० गाड्या मोजा आणि वेग चढत्या क्रमाने लावा. त्रेचाळिसाव्या गाडीचा वेग हा तुमच्या कामाचा आकडा. शंभरातल्या पंचाऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत धावतात तो वेग अभियंते धरतात, तो हाच. सरासरी देऊ नका, सरासरीत भन्नाट जाणारे लपतात.

या आकड्याचा अर्थ शेजाऱ्यांना असा सांगा. समोर मूल आलं हे दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ३० च्या वेगाने येणारी कार त्या सेकंदात आठ मीटर सरकते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरमध्ये थांबते. म्हणजे तेरा मीटरवर ती उभी असते. ४५ ने येणारी कार त्याच एका सेकंदात साडेबारा मीटर गेलेली असते. ३० वाली जिथे थांबली तिथे ४५ वाल्याचा ब्रेक नुकता लागू लागलाय, गाडी अजून जवळपास पूर्ण वेगात आहे. आमच्या सोसायटीच्या बैठकीत ‘एवढ्याशा वेगाने काय होतं’ म्हणणारे गृहस्थ हे ऐकून गप्प झाले आणि पुढच्या रविवारी टेप धरायला आले. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं लक्षात ठेवण्याजोगं आहे: सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते.

दुसरी मोजणी माणसांची. गर्दीच्या वेळी पंधरा मिनिटं उभं राहून रस्ता ओलांडणारे मोजा आणि चारने गुणा, म्हणजे तासाचा आकडा. मुलं आणि म्हातारी माणसं वेगळी टिपा. तशाच दोन्ही बाजूंच्या गाड्या मोजा, यातही दुचाकी वेगळ्या. क्रॉसिंगची गरज ठरवताना अभियंत्यांचा एक ढोबळ हिशेब असतो: तासाला ओलांडणारी माणसं गुणिले तासाच्या गाड्यांचा वर्ग, म्हणजे गाड्यांचा आकडा दोनदा गुणायचा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गर्दीच्या तासांत हा गुणाकार दहा कोटींच्या वर गेला की तिथे क्रॉसिंगची सोय समर्थनीय ठरते, दुभाजक असेल तर वीस कोटी. समजा तासाला १२० माणसं आणि १,००० गाड्या आहेत, तर गुणाकार येतो बारा कोटी. हा हिशेब अर्जात आला की अभियंत्याची तुमच्याशी बोलण्याची पद्धत बदलते. गुणाकार कमी आला तरी खचू नका. लोक घाबरून ओलांडतच नाहीत, अशीही जागा असते. मग शंभर मीटर वळसा घालून जाणारी माणसं मोजा.

कोणाच्या दारात जायचं

पुण्यात इथे नवखा माणूस हमखास फिरतो, म्हणून सरळ सांगते. महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत. बारा मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते साधारणपणे क्षेत्रीय कार्यालयाकडे, त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभागाकडे. म्हणून पहिल्याच दिवशी रस्त्याची रुंदी मोजून ठेवायची. दिवे विद्युत विभागाकडे, फुटपाथवरची शेड आणि बोर्ड अतिक्रमण विभागाकडे, झाडाची फांदी दिवा झाकत असेल तर उद्यान विभागाकडे. बायपास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. कॅम्प किंवा खडकीच्या लष्करी हद्दीत असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड.

एकेरी वाहतूक, पार्किंगबंदी, जड वाहनांना बंदी, वेगमर्यादा हे पालिकेच्या हातात नाही. तो वाहतूक पोलिसांचा अधिकार. आपल्या भागाच्या वाहतूक विभागाच्या निरीक्षकांना अर्ज द्यायचा आणि त्याची प्रत पोलीस उपायुक्त, वाहतूक यांना. असे बदल बहुतेक वेळा आधी प्रायोगिक तत्त्वावर होतात आणि नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत पाठिंब्याची पत्रंही पाठवावी लागतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विरोध करणारे लिहितात, समाधानी लोक घरी बसतात आणि बदल मागे जातो. सिग्नल बसवणं आणि सांभाळणं पालिकेचं काम, पण सेकंद किती ठेवायचे यात पोलिसांचा शब्द असतो, म्हणून अर्ज दोन्हीकडे.

मागायचं काय

बहुतेक सगळे गतिरोधक मागतात. मीही तोच मागितला होता. मिळालाही. एका रात्रीत डांबराचा अरुंद, उंच उंचवटा पडला, वर पट्टेही नव्हते. पहिल्या आठवड्यात एक दुचाकीवाला तिथे आपटला, रिक्षा कडेच्या फटीतून काढायला लागले आणि त्या फटीतून चालणारी माणसं भिंतीला चिकटली. गतिरोधक लागेल तिथे लागतोच, पण तो मापात हवा. मानक माप आहे गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि फक्त १० सेंटिमीटर उंच, म्हणजे गाडी ताशी २५ च्या आसपास न आदळता जाते. अर्जात हेच माप लिहा, आणि सोबत पांढरे पट्टे, सूचनाफलक आणि वर दिवा मागा.

पण सर्वांत आधी कोपरा बघा. माझं ठाम मत आहे की वस्तीतल्या रस्त्यावर पैसे कमी असतील तर ते कोपऱ्यावर खर्च करावेत. कोपऱ्याच्या वळणाची गोलाई मोठी असली की दोन गोष्टी होतात. एक, गाडी वेग न कमी करता वळते. दुसरी गोष्ट सहज दिसत नाही: ओलांडायचं अंतर वाढतं. आमची गल्ली आत नऊ मीटर रुंद आहे, पण तोंडाशी पसरून सोळा मीटर झाली होती. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, सिग्नलचे हिशेबही याच वेगावर होतात. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई चालतात सेकंदाला ०.८ मीटर, घरच्या पॅसेजमध्ये मी मोजलंय. सोळा मीटर म्हणजे त्यांना वीस सेकंद उघड्यावर, नऊ मीटर म्हणजे अकरा. कड पुढे आणून गोलाई आवळली की माणूस रस्त्यात असतो तो वेळ जवळपास अर्धा होतो, आणि गाडीला वळायला वेग टाकावाच लागतो. कोणाला दंड करावा लागत नाही, शिट्टी मारत कोणाला उभं राहावं लागत नाही.

अग्निशमनाची गाडी कशी वळेल, हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. उत्तर जागेवर जाऊन द्यायचं. मोठी गाडी वळताना दुसऱ्या लेनची जागा वापरू शकते, फक्त समोरून येणाऱ्यांची थांबरेषा थोडी मागे घ्यावी लागते. पीएमपीची बस वळते त्या कोपऱ्याला मात्र जास्त गोलाई ठेवा, तिथे हट्ट धरू नका.

कोपऱ्याच्या जोडीला, जमलं तर, उंचावलेलं क्रॉसिंग. फुटपाथच्याच उंचीवर रस्त्याचा पट्टा उचलायचा, दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी उतार. यात चालणाऱ्याला उतरावं लागत नाही, गाडीला चढावं लागतं. मेन रोडवर दुभाजक असेल तर क्रॉसिंगच्या रेषेत त्यात थांबायची जागा मागा, किमान १.२ मीटर खोल. तिथे दुचाकी घुसू नयेत म्हणून खांब लावतात, पण खांबांमधून व्हीलचेअर गेली पाहिजे. साधारण मीटरभर फट ठेवायला सांगा. झेब्रा क्रॉसिंगपाशी उभी केलेली एक टेम्पो ट्रॅव्हलर सगळ्या खर्चावर पाणी फिरवते: तिच्यामागून निघणारं मूल कोणालाच दिसत नाही. म्हणून क्रॉसिंगच्या अलीकडे-पलीकडे पार्किंगबंदी हा त्याच अर्जाचा भाग असू द्या. ‘पी १, पी २’ची सम-विषम पार्किंग असेल तर ती क्रॉसिंगच्या आधी संपते का, तेही बघा.

सिग्नल असेल तर चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद राहतो ते मोजा. चौदा मीटरचा रस्ता धडधाकट माणसाला बारा सेकंदांचा आणि वयस्कर माणसाला साडेसतराचा. दहाच सेकंद मिळत असतील तर तेवढंच लिहा. हे काम फुकटचं आहे, फक्त वेळ बदलायची असते.

आतल्या गल्लीतून मेन रोड टाळायला गाड्या घुसतात, ते दुखणं वेगळं. तिथे गतिरोधकांची रांग लावून फार उपयोग होत नाही, कारण मेन रोडवर वीस मिनिटं थांबण्यापेक्षा सहा गतिरोधक बरे. सकाळी तासभर गल्लीच्या दोन्ही टोकांना एकेक जण बसवा आणि नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहून घ्या. दोन्ही याद्यांत जे नंबर पाच मिनिटांच्या आत दिसतात ते आरपार जाणारे. त्यांचं प्रमाण मोठं असेल तर एकेरी वाहतूक किंवा एका वळणावर बंदी मागायला आधार मिळतो. पण आधी शेजारच्या गल्लीतल्या लोकांशी बोला. तुमच्याकडचं दुखणं त्यांच्या दारात गेलं तर पुढच्या महिन्यात त्यांचा अर्ज तुमच्या विरोधात असेल, आणि तो बरोबर असेल.

अर्ज कसा लिहायचा

एक पान. विषय एका ओळीत, जागा नेमकी: चौकाचं नाव, जवळचं दुकान किंवा इमारत, रस्त्याची रुंदी. मग तीन-चार आकडे. मग मागणी, तीही तीनच्या वर नको. सोबत दोन फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. आम्ही दिलेल्या अर्जाचा गाभा असा होता:

‘सदर कोपऱ्यावर सकाळी ७ ते ८ या वेळेत शाळकरी मुले व ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने रस्ता ओलांडतात, मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे. गल्लीची रुंदी ९ मीटर असून कोपऱ्यावर ती १६ मीटर होते. तरी दोन्ही बाजूंची कड पुढे घेऊन गोलाई कमी करावी, उंचावलेले क्रॉसिंग करावे व क्रॉसिंगलगत वाहने उभी करण्यास बंदी करण्याबाबत वाहतूक विभागास कळवावे. प्रत्यक्ष पाहणीसाठी आम्ही आपल्या सोयीच्या वेळी उपस्थित राहू.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पाहणीला अभियंता आला की निम्मं काम झालं समजा, आणि पाहणी शाळेच्या वेळी ठेवायचा आग्रह धरा.

आधार म्हणून दोन ओळी पुरतात. पुणे महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरण आणि रस्ते आराखड्याची मार्गदर्शिका २०१६ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे की अडथळ्याविना फुटपाथ वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कोणी विचारलं की एवढं काय मोठं, तर हा आकडा सांगा: २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती.

अर्ज आवक-जावक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. तुटलेलं चेंबर, बंद दिवा अशा किरकोळ तक्रारींना पीएमसी केअर अॅप ठीक आहे, पण कोपरा बदलायचं काम अॅपवर होत नाही. तिथे ‘तक्रार निकाली’ असा संदेश येतो आणि कोपरा जसाच्या तसा असतो.

पैशाची वाट अशी. पालिका २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक करते. दरवर्षी ठरावीक मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात छोट्या कामांचे अर्ज घेतात; एका कामाला पाच लाखांची मर्यादा धरून मागणी बसवा. मुदत कधी संपते याकडे जून-जुलैपासूनच लक्ष ठेवा, ती चुकली की वर्ष गेलं. मोठं काम असेल तर नगरसेवकांकडे जा, पण रिकाम्या हाताने नको. तुमचं ते एक पान त्यांच्याही उपयोगाचं असतं.

महिनाभरात काहीच हाललं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाला अर्ज लावा, त्यासाठी आधी पंधरा दिवस नोंद करावी लागते. किंवा माहिती अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक तारखेच्या अर्जावरील टिपणी व पाहणी अहवालाची प्रत द्यावी’ असं विचारा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आमच्या वेळी सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत जाऊन फाइल स्वतः बघता यायची; ती सोय आता चालू आहे का, ते आधी विचारून घ्या. आमच्या फाइलवर ‘जागा उपलब्ध नाही’ असा शेरा होता. आम्ही टेपचा फोटो जोडला, पुढच्या पाहणीत तो शेरा गेला.

ज्यांचं पोट त्या रस्त्यावर आहे

कागद चालू असतानाच दुकानदार, रिक्षावाले आणि पथारीवाले यांच्याशी बोला. स्टेशनरीवाल्या काकांना धास्ती होती की समोरची गाडी उभी करायची जागा गेली तर गिऱ्हाईक जाईल. आम्ही त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर बसून अर्धा तास मोजलं. बहुतेक गिऱ्हाईक चालत आलं होतं, आणि समोर उभ्या दोन गाड्यांपैकी एक त्यांची स्वतःची होती. त्यांनी ती दुसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीत लावली.

पथारीवाल्यांना हटवा, असं लिहायची घाई करू नका. २०१४ च्या कायद्याने त्यांना हक्क दिले आहेत, आणि रात्री नऊला भुट्टेवाल्याच्या शेगडीपाशी उजेड आणि माणसं असतात म्हणून मुली तिथून चालतात. त्याची गाडी १.८ मीटरच्या पट्ट्याबाहेर कुठे बसेल ते त्याच्याबरोबर उभं राहून ठरवा. मोठ्या दुकानाने फुटपाथवर ओढलेली पत्र्याची शेड ही मात्र वेगळी गोष्ट, तिथे अतिक्रमण विभागाकडे लेखी तक्रारच करायची.

करून दाखवा, मग बांधा

कायमच्या कामाआधी चाचणी मागा. वाहतूक विभागाची परवानगी घेऊन एका रविवारी पहाटे आम्ही पुढे आणायची कड फक्कीने आखली. तीच फक्की, जी कबड्डीच्या मैदानाला मारतात. रेषेवर वाहतुकीचे शंकू आणि सोसायटीतल्या कुंड्या ठेवल्या. पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी, शाळेची बस आणि नळस्टॉपला जायला वळणाऱ्या रिक्षा, सगळ्या वळल्या. टँकरचं मागचं चाक एका ठिकाणी फक्कीवरून गेलं, तेवढा कोपरा आम्ही अर्ध्या मीटरने मागे घेतला. कागदावर हे कळलं नसतं. सोमवारी शाळेच्या वेळी परत वेग मोजला. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून दिले, त्यावर वाद झाला नाही.

काम सुरू झालं की रोज कोणीतरी जागेवर जायचं, पाळी लावून. भांडायला नाही, चहा घेऊन. कडेचा दगड बसवायच्या आधीच उंची मोजा. सिमेंट सुकल्यावर मोजून उपयोग नाही. क्रॉसिंगचा उतार पावसाच्या पाण्याचं तोंड अडवत नाही ना, ते बघा, नाहीतर पहिल्या वळवाला तळं होईल आणि सगळा दोष तुमच्या मागणीला लागेल. अंध व्यक्तींसाठीच्या खाचांच्या पिवळ्या फरश्या खांबावर किंवा चेंबरवर नेऊन सोडल्या जातात; त्या फरश्यांवरून स्वतः डोळे मिटून, कोणाचा हात धरून एकदा चाला. राडारोडा उचलल्याशिवाय काम पूर्ण झालं असं लिहून देऊ नका.

आमचा कोपरा झाला त्याला आता दोन पावसाळे झाले. थर्मोप्लास्टिकचे पट्टे झिजतात, म्हणून नवरात्राच्या सुमाराला आम्ही तिघी जणी तिथे जातो, पट्टे किती दिसतात त्याचा फोटो काढतो आणि क्षेत्रीय कार्यालयात पुन्हा रंगवण्याचा अर्ज देतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत ते रंगलेले हवेत. गेल्या खेपेला मी फोटो काढत होते तेव्हा ते आजोबा पलीकडून आले. दप्तर नातीच्याच पाठीवर होतं, आणि ती त्यांच्या दोन पावलं पुढे चालत होती.